यादीची वाट पाहताना



मे महिना संपत आला की आपल्या धर्मग्राम कार्यालयातल्या बाकांवर बसायला जागा उरत नाही. कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, तर कुणाला धर्मगुरूंच्या सहीचे पत्र. ख्रिस्ती अल्पसंख्याक महाविद्यालयांतील राखीव जागांसाठी हे कागद लागतात. वर्षभर ज्यांची गाठ पडत नाही तेही या दिवसांत भेटतात आणि ते भेटतात याचा आम्हांला आनंदच वाटतो. पण दाखला लिहिता लिहिता आम्ही समोर बसलेल्या मुलांचे चेहरेही पाहत असतो. मूल गप्प असते. त्याच्या वतीने आईच बोलते. निघताना हळूच म्हणते, "फादर, प्रार्थना करा. यादीत नाव लागलं पाहिजे."

आम्ही प्रार्थना करतो. पण यादी लागेपर्यंतच्या त्या दिवसांत घरात काय चालते, मुलाच्या मनात काय चालते, याविषयी आपण क्वचितच बोलतो. आज त्याविषयी थोडे मनन करू या.

ही वाट पाहणे लहान नाही. २०२५ साली दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला आणि अकरावीची पहिली यादी लागायला जून महिन्याची अखेर उजाडली. म्हणजे जवळजवळ सहा आठवडे पंधरा-सोळा वर्षांची मुले आणि त्यांचे आईवडील अधांतरी होते. त्याच वर्षी ही ऑनलाइन पद्धत संपूर्ण राज्याला लागू झाली. अर्ज भरायचा, पसंतीक्रम द्यायचे, तात्पुरती गुणवत्ता यादी पाहायची, मग पहिली फेरी, दुसरी फेरी. बारावीनंतर तर सीईटी, नीट आणि त्यांच्या वेगळ्या फेऱ्या. गेल्या वर्षीचा कट-ऑफ नव्वद होता, आपले शहाऐंशी आहेत, यंदा तो खाली येईल का? घराघरांत हेच गणित मांडले जाते आणि ते काही केल्या सुटत नाही.

काही वर्षांपूर्वी जून महिन्यात आम्ही घरभेटींना निघालो होतो. एका घरी पोहोचलो तेव्हा कुटुंब रोझरीला बसले होते. वेदीवर मेणबत्ती पेटली होती आणि मेणबत्तीच्या बाजूला मोबाइल ठेवला होता. यादी त्या रात्री लागणार होती. मोबाइलचा उजेड लागला की प्रार्थना म्हणणारे सगळे आवाज क्षणभर अडखळत. आम्हीही त्यांच्यासोबत उरलेली रहस्ये म्हटली, आशीर्वाद दिला आणि पुढच्या घरी गेलो.

पुढे कळले की मुलीला चौथ्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले. महाविद्यालय चांगले होते. मुलगी तिथे शिकली, पुढे नोकरीलाही लागली. अनेक वर्षांनी ती आमच्याशी बोलायला बसली तेव्हा त्या रात्रीची आठवण निघाली. ती म्हणाली, "फादर, चौथा नंबर लागला याचं मला वाईट वाटलं होतं, पण ते दोन दिवसांत विसरले असते. यादी पाहिल्यावर पप्पा उठले आणि बाहेर ओटीवर जाऊन बसले. जेवायलाही आले नाहीत. ते मी अजून विसरलेले नाही."

त्या पप्पांना आम्ही ओळखतो. लेकीसाठी जिवाचे रान करणारा माणूस. पहाटेची विरार लोकल पकडून त्यांनी तीस वर्षे नोकरी केली ती मुलांसाठीच. त्या रात्री ते लेकीवर रागावले नव्हते. त्यांना स्वतःचेच वाईट वाटत होते, आपण कुठेतरी कमी पडलो असे वाटत होते. पण ओटीवर बसलेल्या बापाच्या मनातले मुलीला कसे कळावे? तिला एवढेच दिसले की आपले नाव खाली गेले आणि बाप उठून गेला.

बंधुभगिनींनो, यादी लावणे आपल्या हातात नाही. ओटीवरून उठून आत जेवायला येणे मात्र आपल्या हातात आहे. आजच्या मननाचा गाभा हाच आहे.

एक मुलगी पोस्टात जायची

आपल्या ख्रिस्तसभेत एक संत अशी आहे की जिला प्रवेशाची वाट पाहणे म्हणजे काय ते चांगले ठाऊक होते. बाळ येशूची संत तेरेजा, जिला आपण 'लिटल फ्लॉवर' म्हणतो. फ्रान्समधील लिज्यू गावच्या कार्मेल मठात तिला प्रवेश हवा होता. तेव्हा ती आपल्या दहावीच्या मुलींएवढीच होती, अवघी चौदा वर्षांची. मठाची जबाबदारी असलेल्या धर्मगुरूंनी वय लहान म्हणून नकार दिला. बिशपांनी लगेच होकार दिला नाही. शेवटी वडिलांबरोबर ती रोमच्या यात्रेला गेली आणि २० नोव्हेंबर १८८७ रोजी पोप तेरावे लिओ यांच्यासमोर गुडघे टेकून तिने आपली विनंती सांगितली. देवाची इच्छा असेल तर तुला प्रवेश मिळेल, अशा अर्थाचे उत्तर तिला मिळाले. ती रडत बाहेर आली.

घरी परतल्यावर ती रोज मिस्सानंतर वडिलांबरोबर पोस्टात जायची. पत्र आले का? नाही. नाताळपर्यंत येईल अशी तिला आशा होती. नाताळ आला आणि गेला, पत्र आले नाही. शेवटी १ जानेवारी १८८८ रोजी परवानगी कळली, पण सोबत आणखी एक निरोप होता: उपवासकाळ संपेपर्यंत थांबावे लागेल. म्हणजे आणखी तीन महिने! ९ एप्रिल १८८८ रोजी, पंधरा वर्षांची असताना, ती मठात दाखल झाली.

ते तीन महिने तिने कसे घालवले हे तिने पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. आधी तिला वाटले, आता मठात जायचेच आहे, तर हे दिवस जरा आरामात घालवावेत. मग तिने विचार बदलला. वाट पाहण्याचा काळ वाया घालवायचा नाही असे ठरवले. तिने मोठाली व्रते घेतली नाहीत. ओठांवर आलेले उलट उत्तर गिळणे, कुणाला न कळता घरातले छोटे काम करणे, आपलाच हट्ट मागे घेणे, अशा साध्या गोष्टी ती करत राहिली. पुढे तिचा जो 'छोटा मार्ग' साऱ्या जगाला माहीत झाला, त्याची पावले त्या वाट पाहण्याच्या दिवसांतही दिसतात.

त्या कथेतले तिचे वडीलही आपण लक्षात ठेवावेत. लेकीबरोबर ते रोज पोस्टात चालत गेले आणि रोज रिकाम्या हाताने तिच्यासोबत परत आले. पत्र आणणे त्यांच्या हातात नव्हते. चालत जाणे होते.

ज्याचे नाव लागले नाही

पण कुणी म्हणेल, "फादर, तेरेजाला शेवटी प्रवेश मिळाला. आमच्या मुलाला मिळाला नाही तर?"

त्यासाठी आपण प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा पहिला अध्याय उघडू या. प्रभूचे स्वर्गारोहण झाले आहे. पवित्र आत्मा अजून आलेला नाही. शिष्य, पवित्र मरिया आणि इतर स्त्रिया माडीवरच्या खोलीत एकत्र प्रार्थना करत आहेत. स्वर्गारोहणापासून पेन्टेकॉस्टपर्यंतचे ते नऊ दिवस म्हणजे आपल्या नोव्हेनाचे मूळ. पहिली नोव्हेना ही वाट पाहणाऱ्यांची नोव्हेना होती.

त्या दिवसांत एक निवड झाली. यहुदा इस्कार्योतची जागा रिकामी होती. जागा एकच, उमेदवार दोन. एक मत्थिया, दुसरा योसेफ बर्सबा, ज्याला युस्त असेही म्हणत. पात्रता दोघांचीही पूर्ण होती. योहानाच्या बाप्तिस्म्यापासून स्वर्गारोहणापर्यंत दोघेही प्रभूबरोबर राहिले होते. प्रार्थना झाली, चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाचे नाव आले. आपण दरवर्षी १४ मे रोजी मत्थियाचा सण साजरा करतो, अगदी निकालांच्या हंगामात.

आणि योसेफ बर्सबा? त्याचे काय झाले?

तो कुठे कमी पडला असे पवित्र शास्त्र म्हणत नाही. तो रागाने निघून गेला असेही म्हणत नाही. त्याच्याविषयी पुढे शास्त्र काहीच सांगत नाही. पण लगेच पुढचा अध्याय पाहा. पेन्टेकॉस्टच्या दिवशी ते सर्व जण एकत्र जमले होते आणि अग्नीच्या जिभा त्यांच्यातल्या प्रत्येकावर उतरल्या. त्या मंडळीत सुमारे १२० जण होते असे आधीच्या अध्यायात सांगितले आहे. आम्हांला वाटते, त्या खोलीत एका कोपऱ्यात योसेफ बर्सबाही बसला होता. बारा जणांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. पवित्र आत्मा मात्र यादी हातात घेऊन आला नाही.

ख्रिस्तसभा त्याला विसरली नाही. चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस यांनी पापियास या जुन्या लेखकाच्या आधाराने त्याची एक आठवण नोंदवून ठेवली आहे. विष प्यावे लागूनही प्रभूच्या कृपेने त्याला काही अपाय झाला नाही, अशी ती आठवण. म्हणजे निवड झाली नाही तरी हा माणूस प्रभूच्या लोकांमध्ये राहिला आणि त्याचे नाव पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करणे गरजेचे आहे. महाविद्यालयाची यादी म्हणजे प्रार्थनेनंतर टाकलेल्या चिठ्ठ्या नव्हेत. ती गुणांवर, राखीव जागांवर आणि एकूण जागांवर ठरते. म्हणून यादीत नाव लागले नाही तर "देवालाच मान्य नव्हतं" असे मुलाला पटकन सांगू नका. त्यातून मुलाला एवढेच ऐकू येते की कॉलेजनेही नाकारले आणि देवानेही. तसेच, नाव लागावे म्हणून नवस जरूर बोला, मोतमाउलीला जा, माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनाला जा. पण देवाशी सौदा करू नका. माडीवरच्या खोलीतल्या त्या लोकांनी आपल्याला हव्या त्या उमेदवाराचे नाव देवाला सुचवले नव्हते. ते एकत्र राहिले आणि जे येईल ते स्वीकारण्याचे बळ त्यांना मिळाले.

आमचीही एक चूक

दुसऱ्यांना सांगण्याआधी आम्हांलाही काही कबूल करायचे आहे. दरवर्षी जून-जुलैमध्ये रविवारच्या मिस्सानंतर आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. नव्वद टक्क्यांच्या वरच्यांची नावे वाचली जातात, टाळ्या होतात, फोटो निघतात. त्या मुलांनी कष्ट केले आहेत, त्यांचे कौतुक झालेच पाहिजे. पण त्या रविवारी बावन्न टक्के मिळालेला मुलगा कुठे असतो? तो देवळात येत नाही. आला तरी आशीर्वाद होताच बाजूच्या दाराने निघून जातो. माडीवरच्या खोलीत योसेफ बर्सबाला बसायला जागा होती. आमच्या देवळात त्या रविवारी त्याला जागा वाटत नाही, आणि हे आमच्या लक्षात यायला फार वर्षे लागली.

म्हणून यंदा आम्ही ठरवले आहे. सत्कार होईल, पण त्याआधी परीक्षेला बसलेल्या सर्व मुलामुलींना वेदीसमोर बोलावून आशीर्वाद दिला जाईल. टक्के विचारले जाणार नाहीत. जे पुन्हा परीक्षेला बसणार आहेत त्यांनीही यावे. आईवडिलांनो, त्यांना घेऊन या.

घरी काय करावे?

वाट पाहण्याच्या या दिवसांसाठी काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

अर्ज शांतपणे भरा. पसंतीक्रम ठरवताना मुलाला काय शिकायचे आहे ते आधी विचारा. महाविद्यालयाच्या नावाइतकाच जाण्यायेण्याचा वेळही मोजा; लोकलच्या गर्दीत रोजचे चार तास गेले तर अभ्यास कधी होणार? अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर ते घ्यावे लागते, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकावे लागते. म्हणून मनापासून हवे तेच पहिले लिहा. नियम वर्षागणिक बदलतात, तेव्हा त्या वर्षीची सूचना स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. आणि आयटीआय, डिप्लोमा, नर्सिंग, जवळचे कनिष्ठ महाविद्यालय यांना 'नाइलाज' म्हणू नका. ज्या वाटेला आपण घरात नाइलाज म्हणतो, त्या वाटेवर मूल मान खाली घालून चालते.

यादी लागण्याआधीच बोला. यादी लागल्यावर काढलेले शब्द सांत्वनाचे वाटतात. आधी बोललेले शब्द खरे वाटतात. "उद्या काहीही आलं तरी आपण सगळे मिळून जेवणार आहोत," एवढे वाक्य पुरेसे आहे. आणि मग खरोखरच मिळून जेवा.

दिवसभर मोबाइल उघडून पाहू नका. यादी ज्या वेळेला लागणार त्या वेळेला एकदा पाहा. रोझरीच्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

मुलांनो, तुम्हांलाही सांगतो. तेरेजासारखे हे दिवस वापरा. आपल्या शेतांत याच दिवसांत भाताचे आवण टाकले जाते. रोप वर येईपर्यंत शेतकरी रोज उपटून मुळे पाहत नाही. तो बांध नीट करतो, औत-अवजारे दुरुस्त करतो, पावसाकडे डोळे लावतो आणि कामाला लागतो. तुम्हीही आजीला दवाखान्यात घेऊन जा, लहान भावंडाला वाचायला शिकवा, मित्राच्या अर्जात मदत करा. ज्या मित्राचे नाव लागले नाही त्याला आधी फोन करा.

शेजाऱ्यांनो आणि नातेवाइकांनो, देवळाबाहेर भेटल्यावर "किती पडले? कुठे मिळालं?" हे दोन प्रश्न महिनाभर विचारू नका. "कसा आहेस?" एवढे विचारा.

आणि शेवटची गोष्ट, सर्वांत महत्त्वाची. मूल जेवत नसेल, रात्रभर जागत असेल, कुणाशी बोलत नसेल, "मी नसतो तर बरं झालं असतं" असे काही म्हणत असेल, तर ते नाटक समजू नका. त्याला रागावू नका, एकटे सोडू नका. त्याच्या शेजारी बसा आणि सरळ विचारा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो आणि तो मोफत आहे. डॉक्टरांकडे नेण्यात कमीपणा नाही. आमचे दारही केव्हाही वाजवा, मध्यरात्रीही.

तो दाखला नीट वाचा

सुरुवातीला आम्ही बाप्तिस्म्याच्या दाखल्याविषयी बोललो. कार्यालयातून तो घेतल्यावर आपण त्याच्या झेरॉक्स काढतो, अर्जाला जोडतो आणि फाइलमध्ये ठेवून देतो. या वेळी तो एकदा मुलाबरोबर बसून वाचा. त्यावर मुलाचे नाव आहे, आईवडिलांची नावे आहेत, धर्ममातापित्यांची नावे आहेत, तारीख आहे. टक्के कुठेच नाहीत. त्या दिवशी तुमच्या बाळाला काही येत नव्हते. त्याने काही मिळवले नव्हते, कुणाला हरवले नव्हते. तरी देवाने त्याला नाव घेऊन बोलावले आणि आपले लेकरू म्हटले. तो प्रवेश कधी रद्द होत नाही.

कोट्यासाठी आणलेला हाच कागद आपल्याला सांगतो की यादी लागण्याच्या फार आधी आपल्या मुलाला एक जागा मिळालेली आहे. ती जागा त्याला घरात आणि देवळात दिसली पाहिजे. यादीची रात्र येईल तेव्हा मूल आपल्या तोंडाकडे पाहील. तेव्हा ओटीवर जाऊन बसू नका. ताट वाढा, त्याला हाक मारा.

आपण प्रार्थना करू या:

हे प्रभू येशू, नासरेथच्या घरात तू तीस वर्षे गुपचूप वाढलास आणि तुझी वेळ येईपर्यंत थांबलास. आमच्या धर्मग्रामातील जी मुले आज वाट पाहत आहेत त्यांच्याजवळ राहा. ज्यांची नावे लागतील त्यांना नम्र ठेव. ज्यांची लागणार नाहीत त्यांचा हात धर आणि त्यांची वाट त्यांना दाखव. आईवडिलांना धीर दे आणि योग्य वेळी योग्य शब्द दे. आम्हां सर्वांना एकमेकांसाठी जागा राखायला शिकव. पवित्र मरिये, माडीवरच्या खोलीत तू शिष्यांबरोबर थांबलीस, आमच्या मुलांबरोबरही थांब. आमेन.